निघालेली शेवंता

हल्ली आमच्या गल्लीतून कुणी ना कुणी सारखं परदेशी जात असतं. दारात मोटार उभी राहते, चाकांच्या बॅगा खडखडत येतात, आई मागून ओरडते, "पोचल्यावर फोन कर गं!" आणि पोरगी काच वर करता करता "हो हो" म्हणते. झालं निघणं! मी पडवीत बसून बघते आणि दर वेळी मला शेवंता आठवते. आमच्या गल्लीतून परमुलखाला निघालेली पहिली बाई ती. तिच्यासारखं निघणं मी पुन्हा कुणाचं पाहिलं नाही. हे कुणाला सांगायला गेलं तर म्हणतील, बाईंचं आता वय झालं. म्हणोत बापडे.

गोष्ट त्या मोठ्या दुष्काळानंतरच्या वर्षांतली. सोलापुरात मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत होते. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. दोन खोल्या आणि पुढे ही पडवी, एवढाच संसार. गल्लीच्या पलीकडच्या बाजूला एका सेवाभावी संस्थेने आपल्या कामगारांसाठी खोल्या घेतल्या होत्या. ही संस्था गावोगाव बोअर मारून हापसे बसवायची. महादेव तिथे फिटर होता. शेवंता त्याची बायको आणि मंगल त्यांची मुलगी, माझ्याच शाळेत तिसरीला. माणसं मूळची मंद्रूपची, शेतकऱ्याघरची.

शेवंता उंच होती, हाडापेराने मोठी. इरकली लुगडं नेसायची, तेही घोट्याच्या चांगलं वर, कुठल्याही क्षणी चिखलात उतरायचं असल्यासारखं. आवाज असा की तिने दारातून "मंगे!" म्हणून हाक मारली की चार घरांतल्या पोरी दचकायच्या. मंगल अभ्यास करते का, हे विचारायला ती पहिल्यांदा माझ्याकडे आली. मी पाणी दिलं. बाईसाहेबांनी तांब्या उचलला, दारापर्यंत गेल्या, उजेडात तिरपा करून आत डोकावून बघितलं आणि मग प्यायल्या. माझं डोकंच फिरलं.

"नळाचं पाणी आहे," मी म्हटलं. "साप दिसतोय का आत?"

"राग मानू नका, बाई. सवय हाय."

"भलतीच सवय!"

"भलतीच हाय की," असं म्हणून तिने उरलेलं पाणीही पिऊन टाकलं.

ही सवय तिने कुणाच्याही घरी सोडली नाही. आमच्या मुख्याध्यापिकाबाईंनी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलावलं, तर तिथेही ही चांदीचं फुलपात्र घेऊन खिडकीशी! मुख्याध्यापिकाबाई पुढे आठवडाभर मला घालूनपाडून बोलत होत्या, जणू मीच तिला शिकवून पाठवली होती.

कारण कळायला वर्ष गेलं. एकदा दुपारी ती पडवीत माझी ज्वारी निवडून देत होती. सूप हलवता हलवता, मान वर न करता म्हणाली, "मंगलच्या पाटीवर मला एक ल्योक होता, बाई. दुष्काळात हिरीच्या तळातलं पानी आनायचो आमी. घाईत होते. भांडं भरलं आनी पोराच्या तोंडाला लावलं. बघितलं न्हाय. हगवन लागली. दोन दिस बी टिकला न्हाय."

ती ज्वारीतले खडे वेचत राहिली. त्यानंतर त्या मुलाचा विषय तिने कधी काढला नाही, मीही काढला नाही. पण तिने तांब्यात डोकावलं की मी दुसरीकडे बघायला लागले.

दुष्काळ सरला तशी महादेवला संस्थेत नोकरी लागली आणि शेवंतालाही एक काम सापडलं. रविवारी महादेव दुरुस्तीला गावांत जायचा, तर ही त्याच्यासोबत निघायची. कुणी तिला सांगितलं नव्हतं, ना पगार दिला होता. तो लोखंडाशी झटायचा आणि ही बायकांना गोळा करून धडे द्यायची. दांडा आपटू नका. हापशाखाली भांडी घासू नका. पोरांना लोंबकळू देऊ नका. "दुभती म्हैस हाय ती. हिसडा दिला तर देईल का दूद?" असं म्हणून स्वतः दांडा धरून दाखवायची, आणि "हं, दे गं आता," असं त्या हापशाला लाडीगोडीने म्हणायची.

मी एकदा हौसेने बरोबर गेले होते, होटगीच्या पलीकडच्या एका गावात. तिथे एक बडं प्रस्थ बैल घेऊन हापशावर धुवायला उभं. शेणमूत सगळं ओट्यावर. बायका घागरी घेऊन गप्प लांब थांबलेल्या. शेवंता पुढे गेली आणि भांडणाचा एक शब्द न काढता तिने बैलाची दोरी हातात घेतली. "कुटलं घर तुमचं?" तो गृहस्थ गोंधळला, त्याने हात केला. ही बैल घेऊन चालायला लागली, मागून तो, मागून सगळी पोरंटोरं. त्याच्या अंगणात तिने बैल बांधला आणि त्याच्या बायकोला म्हणाली, "वयनी, तुमच्या मालकास्नी पानी काडून द्या. बैल धुत्यात." परत येताना मी म्हटलं, "अगं, मारलं असतं ना त्याने!" तर म्हणते कशी, "बैल लई गरीब होता, बाई. न्हाय मारत."

अशी ही बाई. आफ्रिकेला जायचं ठरलं ते तिच्यामुळेच.

संस्थेचे एक गोरे साहेब होते. टांझानियात पाण्याचे हाल आहेत, तिथे हापसे बसवायचे आणि तिथल्याच पोरांना ते काम शिकवायचं, म्हणून त्यांना माणूस हवा होता. दोन वर्षं जायचं. पगार नाही, सेवा म्हणून जायचं. राहणं-खाणं आणि प्रवास संस्थेचा. बायकापोरांना घेऊन गेलं तरी चालेल. महादेवने हे घरी सांगितलं ते हसण्यावारी नेऊन. तो फार मवाळ माणूस, मंद्रूपला गेला तरी त्याला चौथ्या दिवशी करमेनासं व्हायचं. पण शेवंता उठली ती थेट माझ्याकडे. "बाई, तुमचा नकाशा काडा."

मी शाळेचा मोठा नकाशा पडवीत पसरला. हे सोलापूर, ही मुंबई, हा समुद्र, इथून बोट जाणार. ती गुडघ्यावर बसून बघत राहिली.

"ह्यात मंद्रूप कुटाय?"

"मंद्रूप कशाला असेल? केवढंसं गाव ते."

तिने आफ्रिकेच्या कोऱ्या जागेवर तळहात ठेवला. "मग हितं बी आसलीच गावं असत्याल की, नकाशात नसल्याली. तितल्या बाया बी तळातलंच पानी भरत असत्याल." आणि उठून लुगडं झटकत म्हणाली, "आमी जानार."

महादेवला तयार करायला तिला पंधरा दिवस लागले. काय बोलली असेल ते ती दोघंच जाणोत. पण एके दिवशी तो माझ्याकडे येऊन अवघडून म्हणाला, "बाई, ही असली बरूबर तर मी कुटं बी जाईन." हे वाक्य मी तेव्हा कौतुकाने ऐकलं.

कागदपत्रं झाली, टोचून घेणं झालं. मुंबईच्या गाडीचा दिवस ठरला, आणि तो निघाला नेमका अवसेचा. मंद्रूपहून महादेवचे वडील आले होते, त्यांना सगळे आप्पा म्हणत. आप्पा कडक. "अवसंला घर सोडायचं न्हाय म्हंजे न्हाय." आता रेल्वे काय आप्पांच्या तिथीने धावते? पण त्यावरही तोड होती. प्रस्थान ठेवायचं. हल्लीच्या पोरांना हे ठाऊक नसेल म्हणून सांगते. जायच्या दिवशी मुहूर्त नसला, तर आधीच्या चांगल्या दिवशी आपलं थोडं सामान शेजारच्या घरी नेऊन ठेवायचं. ते ठेवलं की माणूस निघालं, असं धरतात. मग प्रत्यक्षात केव्हाही गाडीत बसा. फक्त ते सामान परत आपल्या घरात आणायचं नाही, नाहीतर अर्ध्या वाटेतून फिरल्यासारखं होतं.

आप्पांनी जायच्या दिशेचं, पश्चिमेकडचं घर म्हणून माझं घर निवडलं. एका धुतलेल्या पंच्यात महादेवचा सदरा, शेवंताचं एक लुगडं, मंगलचा फ्रॉक, हळकुंड, सुपारी आणि मूठभर तांदूळ बांधले. सकाळच्या उन्हात तिघं गल्ली ओलांडून माझ्या दारात आली. मी भूगोलाची मास्तरीण, मला या गोष्टींचं हसू येतं. पण शेवंताने ते गाठोडं पडवीतल्या फळीवर ठेवलं तेव्हा तिचा चेहरा मी पाहिला आणि माझं हसू कुठल्या कुठे गेलं. "निगालो बगा, बाई," ती म्हणाली. तेवढी आनंदी मी तिला आधी पाहिली नव्हती.

आणि दोन दिवसांनी छातीचा फोटो आला.

तपासणी तेवढी एकच राहिली होती. तिला खोकला होता, पण ती "धूळ हाय गावांतली" म्हणून झटकून टाकायची. संस्थेच्या डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला आणि बोट ठेवून डाग दाखवला. क्षय. बरी व्हाल, म्हणाले, पण वर्ष-दीड वर्ष औषध चुकवायचं नाही, आणि तोवर बोटीवर पाऊल ठेवता येणार नाही. मुलीला काही महिने तरी हिच्यापासून लांब ठेवा, असंही बजावलं.

महादेवने त्याच संध्याकाळी ट्रंका उघडून सामान काढायला घेतलं. "कुनीच जायाचं न्हाय. खलास." शेवंताने ट्रंकेचं झाकण लावलं आणि त्यावर बसली. मी तिथेच होते. ती ओरडली नाही, हेच मला जास्त लागलं.

"तुमी फुडं व्हा," ती म्हणाली. "मंगीला घिऊन जा. हितं ऱ्हायली तर तिला बी लागंल. मी बरी हुन मागनं येते."

"तुला आजारी टाकून? लोक शेन घालत्याल तोंडात."

"लोकांचं मला सांगू नका. तितं एकांदी माझ्यासारकी भांडं भरत असंल. तिनं काय करायचं, सांगा."

महादेव भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडला. संस्थेतल्या एक नर्सबाई त्याच बोटीने जाणार होत्या, त्यांनी मंगलला सांभाळायचं कबूल केलं. अवसेच्या दिवशी बाप-लेक गाडीत बसली. स्टेशनवर शेवंता पदर तोंडावर दाबून खांबापाशी उभी होती, मुलीला जवळ घ्यायचीही चोरी. मंगल खिडकीतून विचारत होती, "आई, तू कवा येनार?" आणि ही लांबूनच म्हणत होती, "तू फुडं जाऊन पानी भरून ठेव. मी आलेच बघ." गाडी हलली. माझ्या डोळ्यांना धार लागली. ती मात्र गाडी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली आणि मग म्हणाली, "चला, बाई."

टांगा गल्लीत आला. मी म्हटलं, "चल, तुला खोलीवर सोडते. जेवायला माझ्याकडेच ये."

"कुटल्या खोलीवर?"

"तुझ्या, अजून कुठल्या?"

"मी निगालेली हाय, बाई." ती उतरली आणि सरळ माझ्या पडवीत येऊन फळीखाली बसली. "माझं परस्थान तुमच्या घरात हाय. मागं कशी जाऊ? मागं गेले तर माझं जानं मोडलं."

मी डोक्याला हात लावला. समजावलं, रागावले. अगं, हे सगळं मनाचं असतं, आजारी माणसाने आपल्या अंथरुणात झोपावं. ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "तुमाला जड हुत असंल तर टेशनावर ऱ्हाते. ते बी वाटंतच हाय." आता यावर काय करता? म्हटलं, राहा दोन दिवस. ती वर्षाहून जास्त राहिली.

गल्लीत कुजबुज सुरू झाली. क्षयाची बाई, शाळेतल्या बाईंच्या घरात! एक शेजारी फार काळजीने चौकशीला आले. मी त्यांना म्हटलं, "खोकला तिला आहे, मळमळ तुम्हाला का होते?" ते पुन्हा फिरकले नाहीत. पण खरं सांगते, शेवंताच माझ्यापेक्षा जास्त जपायची. तिचं ताट वेगळं, तांब्या वेगळा, त्याला लाल दोरा बांधलेला. झोपणं पडवीत. डॉक्टरांनी आता धोका नाही म्हणून सांगितल्यावरसुद्धा ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआत महिनोन् महिने आली नाही.

आणि राहिली ती प्रवाशासारखी. तिची ट्रंक कधी उघडी पडलेली मी पाहिली नाही. कपडे वाळले की घडी करून लगेच आत. भिंतीला खिळा मारू देईना, आरसा ट्रंकेवरच टेकवलेला. मी तिला हंडा देऊ केला तर नको म्हणाली, "वज्जं कोन वागवंल?" दिवाळीला मी म्हटलं, पडवीत रांगोळी तरी काढ. "वाटंत कुनी रांगुळी काडतं का, बाई?" हळदीकुंकवाचं बोलावणं आलं तर सांगून पाठवायची, परवासात हाय.

दवाखाना आमच्या गल्लीपासून जवळच, पण रस्ता तिच्या जुन्या खोलीवरून जायचा. तिकडून ती जाईना. रोजच्या सुईसाठी बाजारातून मोठा वळसा घालून जायची, उन्हातान्हात, दम लागला की दुकानांच्या पायऱ्यांवर बसत. मी एकदा चिडून म्हटलं, "खोलीसमोरून गेलं की काय आकाश कोसळतंय?" तिने उशी ओढली आणि बसली. तिच्या अंगावर तेव्हा मांस उरलं नव्हतं, बसायला उशी लागायची. मला माझ्याच बोलण्याचं वाईट वाटलं.

तिचं सगळं लक्ष तिकडे. महादेवचं पत्र आलं की माझ्याकडून तीनतीनदा वाचून घ्यायची. किती हापसे झाले? पाणी गोड आहे की मचूळ? बायका काय म्हणतात? त्या बिचाऱ्याचा मजकूर एकच असायचा, तुझ्यावाचून करमत नाही. हे आलं की म्हणायची, "हे ऱ्हाऊ द्या, फुडलं वाचा."

औषधाने गुण आला. खोकला थांबला, गालांवर थोडं मांस चढलं, आवाज परतला. गल्लीतल्या पोरी पुन्हा दचकायला लागल्या. पावसाळा संपता संपता डॉक्टरांनी नवा फोटो काढला, आणि या वेळी बोट ठेवायला त्यांना जागाच सापडली नाही. साहेबांनीही मोठ्या मनाने सांगितलं, उरलेल्या मुदतीसाठी जरूर जा, पुढच्या महिन्याच्या बोटीची सोय करतो.

मला वाटलं होतं, ती नाचेल, साखर वाटेल. ती पडवीच्या पायरीवर बसली आणि पाणी मागितलं. मी तांब्या दिला. तिने तो तोंडाला लावला आणि घटाघटा पिऊन रिकामा केला. आत बघितलंच नाही. मी ते पाहिलं आणि आत जाऊन देवापुढे उगाचच हात जोडले.

मग काय विचारता! मी तिला थोडं इंग्रजी शिकवायला घेतलं, बोटीवर कामाला येईल म्हणून. ती मला न आवडणारे सगळे लाडू मंगलसाठी करायला लागली. एका दुपारी ती पडवीत तीळ भाजून पाखडत होती, मी वह्या तपासत होते. दारात सावली पडली. वर बघते तो महादेव. हातात ट्रंक, शेजारी मंगल, हातभर उंच झालेली, उन्हाने रापलेली.

"आलो," महादेव म्हणाला. तोंडभरून हसत होता.

शेवंता उठली. सूप तिच्या हातातच होतं. मंगल धावत येऊन तिला बिलगली. तिने मुलीला इतकं घट्ट धरलं की सुपातले तीळ पडवीभर झाले. मुलीचा चेहरा, हात, केस ती चाचपून बघत होती, मुके घेत होती. मग पाणी आणलं, तांब्यात बघितलं, नवऱ्याला दिलं. तोवर मला वाटत होतं, सगळं गोडच झालं.

"सुट्टी मिळाली व्हय?" तिने विचारलं.

"सुट्टी कसली? सोडून आलो." महादेव अजून हसतच होता. "मला न्हाय जमलं तुझ्याबिगर. पोरगी सारकी रडायची. तू जगतीस का न्हाय ते बी कळंना. साहेबाला म्हटलं, मला घरला धाडा."

तिच्या फोटोची बातमी तिकडे पोचायच्या आधीच तो बोटीत बसला होता.

"किती हापसं बशिवलं?"

त्याने सांगितलं.

"आनी ऱ्हायल्यालं?"

तो, कोण बसवील आता, साहेब बघतील, असं काहीतरी पुटपुटला.

"तुमी परत कशाला आलात वो?" ती म्हणाली. आवाज अगदी हळू. मी तिचा इतका हळू आवाज कधी ऐकला नव्हता.

"तुज्यासाटी."

"मी तिकडंच निगाले होते की."

महादेवचं हसू तेव्हा गेलं. त्याला काय कळलं, किती कळलं, देव जाणे. वाईट माणूस नव्हता हो तो. बायकोवर एवढा जीव लावणारा नवरा माझ्या पाहण्यात दुसरा नाही. तोच तर घात झाला. ती मोरीत गेली, दार लावलं, आणि पाण्याची बादली बराच वेळ वाजत राहिली. मंगल मला म्हणाली, "आई आंघोळ करतीय का, बाई?" मी म्हटलं, हो.

तिने प्रयत्न केला. दुसऱ्याच दिवशी ती साहेबांकडे गेली, मी बरोबर होते. आता तिघं मिळून परत जातो, म्हणाली. साहेबांना वाईट वाटलं, पण तिकडच्या कामावर दुसरा माणूस निघालाही होता. सोलापुरातली महादेवची जागाही भरलेली. साहेबांनी तिला चहा दिला. तिने तो उष्टावलाही नाही.

आप्पा मंद्रूपहून आले. शेत आहे, घर आहे, चला. प्रस्थान त्यांनीच ठेवलं होतं, तेव्हा सोडायचंही त्यांनीच. फळीवरून गाठोडं काढलं, धूळ झटकली, गाठ सोडली. ज्याचा कपडा त्याला दिला. फ्रॉक मंगलला येईना. शेवंताने आपलं लुगडं घेतलं आणि ते न नेसता ट्रंकेत टाकलं. आप्पा म्हणाले, "जाऊ दे, पोरी. नशिबात नव्हतं." तिने मान हलवली. माझ्या पाया पडताना एवढंच म्हणाली, "लई दिस ऱ्हायले, बाई. तरास दिला." मला हुंदका आवरेना. त्या दिवशी मी शाळेत गेले नाही.

नंतर तिची खबर कानावर यायची ती एवढीच, की बरी आहे, शेतात राबते, फारशी कुणात मिसळत नाही. मी जाईन जाईन म्हणत राहिले. तिच्यासमोर उभं राहून काय बोलायचं तेच कळत नव्हतं.

शेवटचं पाहिलं ते मंद्रूपला, काही वर्षांनी. एका विद्यार्थिनीचं लग्न होतं आणि त्या दिवशी गावचा आठवड्याचा बाजार भरला होता. जेवणं आटोपून मी एस.टी.कडे निघाले, तर लिंबाखालच्या हापशाकडून आवाज आला. तो आवाज मी जगाच्या पाठीवर कुठेही ओळखला असता. बायका घागरी घेऊन रांगेत, आणि शेवंता दांडा धरून येईल तिची घागर भरून देत होती. केस निम्मे पांढरे झालेले. हापसता हापसता बोलत होती.

"...तितली माती लाल. लई लाल, इटंच्या भुकटीवानी. आमी गेलो तवा बाया भोपळ्याच्या भांड्यातनं पानी आनायच्या, कोस कोस लांबनं. पयल्या हापशाला पानी आलं तवा सगळ्या बाया नाचायलाच लागल्या. माझा हात धरून मला बी वडलं. मी म्हटलं, अगं बायांनो, मला काय येतंय? पन नाचले की मी बी. पाय आपटून आपटून नाचले."

त्या बायकांनी हात धरून ओढलं होतं ते मंगलला. परतल्यावर मंगलने माझ्याच पडवीत बसून ते सांगितलं होतं आणि शेवंता तिला एकेक गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत होती. मी जागच्या जागी उभी राहिले. पुढे जाववेना, मागे फिरवेना.

रांगेतली एक तरणी पोर फिस्सकन हसली. "काय बी सांगती ही शेवंताकाकी. आमची सासू म्हनती, ही सोलापूरच्या फुडं गेलीच न्हाय." मग तिची नजर माझ्यावर गेली. शहरी बाई, हातात पिशवी. "ओ बाई, तुमी सोलापूरच्या न्हवं? तुमाला म्हाईत असंल. ही खरंच गेल्ती का वो तिकडं?"

शेवंताने वर बघितलं. तिने मला ओळखलं. दांडा अर्ध्यावर थांबला आणि हापशाची धार तुटली. तिच्या डोळ्यांत ना विनवणी होती, ना लाज. नुसती वाट बघत होती.

"गेली होती," मी म्हटलं. "माझ्याच घरातून निघाली ती."

पोरीचं हसू मावळलं. शेवंताने दोन्ही हातांनी दांडा खाली दाबला आणि पाणी आलं. मी एस.टी.च्या दिशेने चालायला लागले. मागून त्या पोरीचा आवाज आला, या वेळी अगदी वेगळा.

"मग, काकी? नाचून झाल्यावर काय केलं तुमी?"